नंबरवाली की बिननंबरी? शेपर्ड फेअरीची प्रिंट घेताना

गेल्या काही महिन्यांत तिघांनी हाच प्रश्न विचारला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. शेपर्ड फेअरीची प्रिंट घ्यायची आहे, पैसे एकीपुरतेच आहेत. तर अठरा बाय चोवीस इंचांची, सही आणि नंबर घातलेली (म्हणजे ठरावीक प्रतींतली कितवी, ते काठावर लिहिलेली) स्क्रीन प्रिंट घ्यावी, म्हणजे जाळीतून शाई ओढून छापलेली, की चोवीस बाय छत्तीसची, नुसती सही असलेली, हवी तितकी छापली जाणारी, पुस्तकं-कॅलेंडरं छापतात तशा यंत्रावरची ऑफसेट? मी दीड वर्षाच्या अंतराने दोन्ही घेतल्या. त्यांतली एक नाशिकरोडच्या आमच्या हॉलमध्ये आहे आणि दुसरी दिवाणाखाली.

फेअरी म्हणजे रस्त्यावरच्या स्टिकर-पोस्टरांतून नावारूपाला आलेला अमेरिकन चित्रकार, आणि ‘ओबे’ हे त्याच्या त्या मोहिमेचं नाव. याहून जास्त ज्याला ठाऊक नाही तो या फंदात पडणारच नाही, तेव्हा बाकीचं सोडतो.

नंबरवाली मिळवणं म्हणजे तत्काळचं तिकीट काढणं. त्याच्या साइटवर ती तिकडच्या, लॉस एंजेलिसच्या, सकाळी दहाला सुटते, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा, थंडीत साडेअकरा. प्रती चार-साडेचारशे आणि टपून बसलेली माणसं जगभरची. पत्ता भरून होईपर्यंत खेळ खलास. मला चौथ्या खेपेला मिळाली. हुकली, तर दुसऱ्या दिवशी तीच प्रिंट भलत्याच भावात कोणीतरी विकायला काढलेली दिसते आणि जीव जळतो. ऑफसेटला असली घाई नाही. जेवून-खाऊन, घरात विचारून, पगार झाल्यावर मागवा. आणि त्या नंबरचं फार मनावर घेऊ नका. बाराव्या नंबरची प्रत चारशे तिसाव्यापेक्षा सरस असते हा गैरसमज आहे. स्क्रीन प्रिंटमध्ये जाळी चार-साडेचारशे प्रतींत झिजत नाही, आणि नंबर घालतात तो छापल्याच्या क्रमानेच असंही नाही.

पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून इथवर यायचं भाडं दोन्हींना सारखंच पडलं. ऑफसेटच्या बाबतीत तर ते चित्राच्या किमतीहून जास्त झालं, तेव्हा फक्त किंमत बघून हुरळू नका. कस्टमच्या बाबतीत एक सांगतो. कस्टम शुल्काच्या यादीतल्या ९७व्या प्रकरणात ‘मूळ प्रिंट’ची व्याख्या कडक आहे: कलाकाराने स्वतः हाताने केलेल्या प्लेटवरून काढलेला ठसा हवा, यांत्रिक किंवा फोटोयांत्रिक पद्धत चालत नाही. ऑफसेट त्यात बसतच नाही. स्क्रीनवरचं स्टेन्सिल हल्ली फोटो-इमल्शनने, म्हणजे उजेडाने घट्ट होणाऱ्या लेपाने, करतात, त्यामुळे नंबरवालीही बसेलच असं नाही. पहिल्या वेळी मी ‘ही कलाकृती आहे’ म्हणून वाद घालत बसलो, हाती काही लागलं नाही. दुसऱ्या वेळी मुकाट्याने भरले पैसे.

आता दिसण्याकडे येऊ. दोन्ही जेवणाच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या तेव्हा पहिला कौल स्क्रीन प्रिंटला गेला, हे कबूल करतो. कागद दोन्हींचा एकाच जातीचा, सायीच्या रंगाचा, बारीक ठिपके असलेला. पण स्क्रीन प्रिंटमधला लाल काय लाल होता! शेजारी ऑफसेटचा लाल दोन धुण्यांनंतरच्या साडीसारखा वाटला. बायकोने विचारलं, ‘लग्नपत्रिका छापतात तसंच ना हे?’ तसंच. तीच जाळी, शाई ओढायची तीच रबरी पट्टी (स्क्वीजी), एका रंगाला एक स्क्रीन. शाई कागदात फारशी मुरत नाही, वर बसते. तिरक्या उजेडात लाल आणि काळा जिथे भेटतात तिथे चक्क पायरी दिसते. माझ्या प्रतीत एका ठिकाणी काळा रंग लालावर केसभर चढला होता. तेही मला आवडलं, माणसाचा हात लागल्याची खूण म्हणून.

माणसाच्या हाताच्या खुणेबद्दल जरा पुढे बोलू.

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, उभं आयुष्य प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला प्रेस म्हटलं की वर्तमानपत्राचा संबंध नसतो. एक १९२५चं सिक्युरिटी प्रेस आणि दुसरं १९२८चं, नोटांचं. इथल्या दर चार घरांमागे एकात तरी तिथला निवृत्त माणूस सापडतो आणि त्याच्याकडे एक भिंग असतं. अण्णांनी भिंग आणलं. स्क्रीन प्रिंटवर मिनिटभर फिरवलं, ‘चांगली आहे’ म्हणाले. ऑफसेटवर मात्र दहा मिनिटं खिळून राहिले. फिकट रंगात ठिपके होते, ते त्यांनी दाखवलेच. पण रेषा बघा म्हणाले, कशा कापल्यासारख्या आल्यात. मी जरा नाक मुरडलं, ऑफसेट म्हणजे कॅलेंडरचा प्रकार ना शेवटी. तर त्यांनी खिशातून शंभराची नोट काढून भिंगाखाली धरली. तिच्या पार्श्वभूमीवरची ती कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी ऑफसेटचीच असते. बोटाला लागतो तो उठाव इंटॅग्लिओचा, म्हणजे कोरलेल्या प्लेटवरून दाबून काढलेल्या छपाईचा, तो त्यावर नंतर चढतो. ज्या पद्धतीवर सरकारच्या नोटेचा अर्धा भरवसा आहे तिला हलकी म्हणायची माझी मग हिंमत झाली नाही.

तरीही तेव्हा भिंतीवर गेली ती स्क्रीन प्रिंटच. आणि मग तो अंगठा निघाला.

फेअरीच्या चित्रांत काळ्या रंगाचे मोठे, सपाट, मॅट पट्टे असतात. तीच त्याची ताकद आहे, लांबून नजर खेचते. पण सपाट मॅट काळ्या शाईला बोटाचा घाम आणि तेल अजिबात चालत नाही. नळी उघडली त्या संध्याकाळी उत्साहाच्या भरात मी प्रिंट बाहेर ओढली. करोनाच्या वेळचे हातमोजे कपाटात होते, ते कपाटातच राहिले. खालच्या डाव्या कोपऱ्यात, काळ्यावर, माझा उजवा अंगठा उमटला. तेव्हा दिसला नाही. फ्रेमवाल्यालाही दिसला नाही. दिवसा दिसत नाही, ट्यूबलाइटमध्ये दिसत नाही. आमचा हॉल पश्चिमेचा. प्रिंट आडव्या भिंतीवर लावली होती, ऊन थेट पडत नव्हतं. पण साडेपाचला उजेड असा तिरपा शिरतो की भिंतीवरचा खिळ्याचा बुजवलेला खड्डाही वर येतो. अण्णा चहाला आले होते. कप हातात, मान वाकडी, आणि म्हणाले, ‘जावईबापू, हा अंगठा कोणाचा?’

त्यानंतर मी ते चित्र कधी पाहिलंच नाही. अंगठाच पाहिला. फुलांच्या नक्षीतून बघणारा तो चेहरा, ज्याच्यासाठी चार रात्री जागलो, त्याच्याकडे नजर जायच्या आत डाव्या कोपऱ्यात जायची. मग मी अधिक मोठा मूर्खपणा केला. फ्रेम उघडली आणि चष्मा पुसायच्या मऊ कापडाने हलकेच पुसून बघितलं. मॅट शाई घासली की चकाकते. आता अंगठा तर राहिलाच, वर त्याच्याभोवती चकचकीत गोल आला. पोलिस ठाण्यात एखाद्याने पुरावा म्हणून खूण करून ठेवावी तसा. मुंबईत कागदी कलाकृतींची दुरुस्ती करणाऱ्या एकाला फोटो पाठवून विचारलं. राहू द्या म्हणाला, जितकं कराल तितकं वाढेल.

कोणी म्हणेल, यात प्रिंटचा काय दोष? चूक तुझी. मान्य. पण ऑफसेटही मी त्याच हातांनी, तितक्याच घाईने, बिनमोज्यांचीच बाहेर काढली होती. अण्णांच्या त्या दहा मिनिटांत भिंगालाही तिच्यावर काही सापडलं नव्हतं. ऑफसेटची शाई पातळ, कागदात मुरलेली, आणि त्या चित्रातला काळा रंग नक्षीने तुटलेलाही आहे; कदाचित त्यामुळे. माझ्या स्क्रीन प्रिंटचा काळाच जरा जास्त नाजूक असेल, तुमची प्रत वेगळी वागेलही. मला मात्र घरात असली वस्तू झेपत नाही जिच्याजवळून जाताना श्वास रोखावा लागतो. पोरं आहेत, पाहुणे आहेत, गणपतीत भिंतीला तोरणं लागतात.

ऑफसेटचाही त्रास आहे, लपवत नाही. दोन बाय तीन फुटांचा कागद, माउंट, म्हणजे भोवतीचा पुठ्ठ्याचा काठ, धरून अडीच बाय साडेतीन होतो. काच जड, भिंतीला दोन हुक लागतात आणि टांगायला दोन माणसं. पहिल्याच जुलैत कागदाला लाटा आल्या. काचेआड गोदावरीला पूर आल्यासारखं दिसायला लागलं. अण्णांनी बघितल्याबरोबर निदान केलं: फ्रेमवाल्याने चारही बाजूंनी टेप मारली होती. कागद हवेतलं पाणी पितो आणि धाग्यांच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो. चारही बाजूंनी बांधला तर फुगून जाणार कुठे? टेप काढून घेतली, फक्त वरच्या कडेला दोन कागदी बिजागऱ्या लावून प्रिंट लोंबती सोडली. श्रावणात अजून किंचित पोट येतं, दिवाळीपर्यंत सपाट होते. ते मी चालवून घेतो.

फ्रेमवाल्याचं निघालंच आहे तर, कुठलीही घ्या, दुकानात स्वतः उभे राहा. आपल्याकडे देवांच्या तसबिरी करणारे हात आहेत. कोरा काठ दिसला की पट्टी ठेवून कापायचा, हार्डबोर्डवर गोंदाने चिकटवायचं आणि ‘लॅमिनेशन करून देऊ का, पन्नास वर्षं काही होणार नाही’ म्हणायचं, हा रिवाज आहे. फेअरीची पेन्सिलीतली सही त्या खालच्या काठातच असते. माझी सही सुरीपासून चार बोटांवर वाचली.

आणि मनात घोळत राहिलेली एक गोष्ट. हा माणूस १९८९ साली, कला शिकत असताना, स्टिकर छापून खांबांवर चिकटवत सुटला होता. ‘होप’ या ओबामांच्या गाजलेल्या पोस्टरच्या सुरुवातीच्या छपाईतल्या साडेतीनशे प्रती त्याने विकल्या, साडेतीनशे रस्त्यावर लागल्या, आणि आलेल्या पैशांतून आणखी छापल्या. त्याच्या चित्राची जात मुळात वाटायची, डकवायची. अशा माणसाची चारशेच प्रतींची, हात लावू नये अशी वस्तू मी रात्री जागून मिळवली, याचं मला अधूनमधून हसू येतं. आपल्याला तरी हे नवं कुठे आहे? त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळायच्या आधी राजा रविवर्म्यांच्या छापखान्याशी जोडलेले होते, लिथोग्राफीचं, म्हणजे शिळाछापाचं, काम करत होते. त्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती माझ्या आजीच्या देवघरात होत्या, धुराने पिवळ्या पडलेल्या. त्यांच्या काठावर नंबर शोधायला कोणी गेलं नव्हतं.

तरीही नंबरवाली कोणी घ्यावी? ज्याच्या घरात भिंत लहान आहे, त्याने. अठरा बाय चोवीस कॉलेजरोडच्या वन बीएचकेतही छान बसते. ज्याला पुढे विकायचीच आहे, त्याने तर दुसरीचा विचारही करू नये. अमर्याद आवृत्तीला परत विकताना भाव येईल अशी आशा धरू नका. आणि ज्याला तो लाल हवाच आहे, त्याने. त्या लालासमोर माझंही काही चालत नाही. फक्त नळी उघडताना हातमोजे घाला, दोघं मिळून कडेला धरा आणि थेट सपाट ठेवा, पुन्हा गुंडाळू नका.

हॉलमध्ये ‘मेक आर्ट नॉट वॉर’ आहे, ऑफसेट, सहीची, बिननंबरी. स्क्रीन प्रिंट दिवाणाखाली दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट आहे. ती देणार का, असं अधूनमधून कोणीतरी विचारतं. देणार. मी पहिला फोटो साडेपाचच्या उजेडातला, त्या कोपऱ्याचाच पाठवतो. अजून तरी दुसरा फोटो कोणी मागितलेला नाही.