कागदच का जाळले? बंडाचा सिद्धांत निवडताना

शेतकऱ्यांच्या बंडावर प्रबंध लिहायला घेणारी मुलं बहुतेक एकाच ठिकाणी अडकतात. विषय ठरलेला असतो, कागदपत्रं हाताशी असतात, पण सिद्धांत कुणाचा घ्यायचा ते ठरत नाही. अशांना मी आधी सुप्याला नेतो.

१२ मे १८७५. सुपे हे पुणे जिल्ह्यातलं बाजाराचं गाव. लोक सावकारांच्या दारात जमले, कर्जरोखे आणि वह्या मागितल्या आणि मिळाल्या तशा पेटवून दिल्या. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं, ९५१ जणांना अटक झाली. हेच दख्खनचे दंगे. जिथं सावकारानं कागद मुकाट्यानं बाहेर काढले तिथं पुढं फारसं काही घडलं नाही. जोरजबरदस्ती झाली ती मुख्यतः कागद दाबून ठेवणाऱ्यांवर. म्हणून माझी कसोटी सोपी आहे: माणसं सोडून कागदच का जाळले, हे कोणता सिद्धांत सांगतो?

राज्यशास्त्रज्ञ टेड गर यांची १९७० ची मांडणी सगळ्यांना आधी आवडते. नुसत्या गरिबीनं माणूस उठत नाही. आपल्याला काय मिळायला हवं आणि काय मिळतंय यातली दरी त्याला उठवते. त्याआधी १९६२ मध्ये जेम्स डेव्हिस यांनी म्हटलं होतं की बराच काळ सुधारत आलेली परिस्थिती एकदम घसरली की भडका उडतो. दख्खनला हे अगदी बेतून शिवल्यासारखं बसतं. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडला. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळले. वर शेतसारा वाढला, तोही कुठंकुठं ५० ते १०० टक्के. पण मग ही मधली दहा वर्षं राग कुठं दबा धरून बसला होता? शिवाय ती दरी मोजायची कशी? १८७५ च्या कुणब्याच्या अपेक्षांची पाहणी कुणी करून ठेवलेली नाही.

चार्ल्स टिली (१९७८) हा प्रश्नच उलटा करतात. राग सगळीकडे असतो, उठाव मात्र जिथं एकत्र यायची सोय असते तिथं होतो. यासाठी शिरूर तालुक्यातलं करडे पाहा. डिसेंबर १८७४ मध्ये, म्हणजे सुप्याच्या आधी पाच महिने, तिथं सावकारांवर बहिष्कार पडला. शेती कसायची नाही, घरकामाला जायचं नाही, न्हाव्यानं हजामत करायची नाही. बलुतेदारी आणि गावकी आयतीच होती, नवी संघटना उभारावी लागली नाही. दंगा कुठं आणि कसा पसरला हे लिहायचं असेल तर टिलींना पर्याय नाही. कागदाचं कोडं मात्र तिथंही सुटत नाही.

ते सुटतं जेम्स स्कॉट यांच्याकडे. १९७६ मध्ये त्यांनी ब्रह्मदेश आणि व्हिएतनामच्या शेतकऱ्यांवरून मांडलं की हातातोंडाशी गाठ असलेला माणूस नफ्याआधी तगून राहण्याचा हिशेब करतो, आणि पडत्या काळात वरच्यानं सांभाळून घ्यावं ही त्याची रीतसर अपेक्षा असते. आता १८५९ चा मुदतीचा कायदा बघा. रोख्याची मुदत तीन वर्षं, व्याज साचू नये म्हणून. सावकारानं काय केलं, दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवं खत लिहून घेतलं. वाचता न येणाऱ्यानं त्यावर निशाणी केली. पुढं भाव पडल्यावर नवं कर्जही बंद. जुना व्यवहार तोंडी आणि ओळखीचा होता, तो आता कोर्टात दाखवायच्या कागदात अडकला. होळी त्याची झाली.

स्कॉट यांचे टीकाकार सॅम्युअल पॉपकिन (१९७९) म्हणतील, यात कसली आलीय नैतिकता? रोखा जळाला की दावा गेला, सरळ फायदा. खोटं नाही ते. पण गर्दीतल्या बाकीच्यांनी जाळला तरी माझा रोखा जळणारच असेल, तर मी तुरुंगाचा धोका का घ्यावा? हा पेच पॉपकिन यांनाही ठाऊक आहे, म्हणून ते पुढाऱ्यांकडे वळतात. सुप्यात मात्र तसा एखादा ठळक पुढारी दिसत नाही.

फिअरन आणि लेटिन या राज्यशास्त्रज्ञांचा २००३ चा लेख वजनदार आहे: १९४५ ते १९९९ मधली १२७ यादवी युद्धं, आणि निष्कर्ष असा की वांशिक विविधतेपेक्षा दुबळं राज्य, गरिबी आणि डोंगराळ मुलूख जास्त धोक्याचे. पण त्यांच्या मोजणीत शिरायला निदान १,००० मृत्यू लागतात. म्हणजे सुपं मुळात घडलंच नाही! देशादेशांची तुलना करणार असाल तरच तिकडं जा.

माझं मत विचाराल तर होळीसाठी स्कॉट, करड्यासाठी टिली. गर प्रस्तावनेत पुरेत. नील चार्ल्सवर्थ यांचा १९७२ चा लेखही आधी वाचा. हे दंगे जेवढे गाजले तेवढे मोठे होते का, असाच त्यांचा प्रश्न आहे, आणि तोंडी परीक्षेत तो तुम्हाला विचारला जाईल.

आणि एक. आपल्या हातातली बरीचशी माहिती दंगा चौकशी आयोगाची आहे. तो अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला. त्यात सावकार दोषी ठरला आणि सारा सुटला. हाही एक सिद्धांतच, फक्त मांडणारं सरकार होतं.