लिंक्डइन: जॉब्सचा टॅब राहू द्या, कॉलेजचं पान उघडा

लिंक्डइनवर बहुतेक जण जॉब्सचा टॅब उघडून 'ईझी अप्लाय' दाबत सुटतात आणि महिन्याभरात वैतागतात. लोकप्रिय जाहिरातीवर शेकड्यांनी अर्ज पडतात. क्षेत्र बदलायचं असेल, तर या साइटचा खरा उपयोग वेगळ्याच जागी आहे.

आपल्या कॉलेजचं पान शोधा आणि 'अॅलम्नाय'वर, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या यादीवर जा. हे कॉम्प्युटरवरच करा, फिल्टर तिथे नीट वापरता येतात. कोण कुठे राहतं, कुठे नोकरी करतं, काय काम करतं, काय शिकलंय, सगळं वेगवेगळं लावता येतं. वर्षंही टाकता येतात. कॉलेजचं नाव बदललं असेल तर जुन्या नावाचं पान वेगळं असू शकतं, तेही बघा. निवड करताना पाच-सात वर्षंच पुढे असलेले सीनियर घ्या. फार वरच्यांना पहिल्या वर्षाची ओढाताण नेमकी आठवत नाही.

मेसेजमध्ये 'व्हेकन्सी आहे का' विचारलं की उत्तर येत नाही. असं लिहा: 'सर, मी आपल्याच कॉलेजचा, 2019 चा मेकॅनिकल. आपण ऑटो कंपनी सोडून जलसंधारणात गेलात. पहिल्या वर्षी पगार आणि काम किती बदललं, यावर पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का?' फ्री खात्यातून रिक्वेस्टसोबत अशी नोट मोजक्याच जणांना जाते, म्हणून नावं विचारपूर्वक निवडा.

अनोळखी माणसाला लिहायचा संकोच वाटणं साहजिक आहे. पण समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्येच मांडलं होतं की नव्या नोकरीची खबर बरेचदा जवळच्या मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून येते. लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी सदस्यांवरचे प्रयोग 2022 मध्ये 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत छापून आले, त्यांतही साधारण हेच दिसलं.

कंपनीची मूल्यं तिच्या पोस्टवरून जोखू नका, तिथे सगळे 'प्राउड' आणि 'थ्रिल्ड'च असतात. ज्या टीममध्ये जायचंय तिथल्या आजी-माजी दहा जणांची प्रोफाइल उघडा. बहुतेक जण दीड वर्षाच्या आत बाहेर पडले असतील, तर सोडून गेलेल्यांशी बोला. तेच मोकळेपणाने सांगतात. मोठी उणीव अशी की धाडस करून फसलेले लोक तसं प्रोफाइलवर लिहीत नाहीत. दोन वर्षांची रिकामी जागा दिसली, तर अदबीने विचारा.

जोखमीचा हिशोब मात्र साइटबाहेर, कागदावर. सहा महिन्यांचा घरखर्च आणि ईएमआय बाजूला हवा. नोटीस पिरियड 90 दिवसांचा असेल तर नवी कंपनी तेवढं थांबेल का, हे ऑफर लेटरआधी विचारा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरत आली असतील तर थोडं थांबा. पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. एकूण पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो.

या कामासाठी प्रीमियम, म्हणजे पैसे भरून मिळणारं खातं घ्यायची गरज नाही. 'ओपन टू वर्क' (नोकरी शोधतोय, ही खूण) लावणार असाल तर 'फक्त रिक्रूटर्स' निवडा, पण तेवढ्याने निर्धास्त होऊ नका. सध्याच्या कंपनीला ते कळणारच नाही, याची हमी लिंक्डइनही देत नाही.