क्लीटचे बूट, नऊ महिने: उजवी पोटरी आणि मागचे दोन आटे

सायकलचं साधं सपाट (फ्लॅट) पेडल सोडून दोन बोल्टवाल्या क्लीटचे बूट घेतले त्याला नऊ महिने झाले. क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला बोल्टने बसवलेला, पेडलमध्ये अडकणारा तुकडा. बूट हलके आहेत, तळ कडक आहे, चढावर पाय निसटत नाही. त्याबद्दल तक्रार नाही. लिहायला बसलो ते उजव्या पोटरीमुळे.

पहिले तीन आठवडे काही जाणवलं नाही. मग २५ किलोमीटर झाले की उजवी पोटरी आतून आवळल्यासारखी व्हायला लागली, आणि महिन्याभरात दुखणं टाचेमागच्या जाड शिरेपर्यंत (पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या स्नायूबंधापर्यंत) उतरलं. सकाळी उठल्यावर पहिली दहा-बारा पावलं लंगडतच जायची. डावा पाय मात्र ठणठणीत.

क्लीट जिथे बसवून घेतल्या त्या दुकानात गेलो. आधी ‘सवय होईल’ म्हणाले, पुढच्या खेपेला ‘साइझ चुकलं असेल’. बूट परत घ्यायला नकार, कारण तळाला क्लीटचे व्रण उठलेत. अहो, क्लीट लावून चालवल्याशिवाय पाय दुखतो की नाही हे कळणार तरी कसं? याचा राग मला अजून आहे. त्या रागात आणखी खर्च करून बसलो: पोटरीला घालायचे घट्ट पट्टे घेतले. घातलेले असताना बरं वाटायचं, काढले की दुखणं जिथल्या तिथे. ते पैसे वाया गेले असंच मी धरतो.

तिसऱ्या महिन्यात फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्यांनी आधी पोटरीला सूज, उष्णता किंवा लाली नाही ना, हे पाहिलं. एकच पोटरी अचानक सुजून गरम झाली आणि बसल्या जागीही दुखत राहिली, तर सायकलचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी असू शकते. माझं तसं नव्हतं. मग त्यांनी गुडघा सरळ ठेवून आणि नंतर वाकवून टाच उचलायला लावली. पोटरीत दोन मोठे स्नायू असतात. वरचा गॅस्ट्रोक्नेमिअस गुडघा आणि घोटा दोन्ही ओलांडून जातो, खालचा सोलिअस फक्त घोटा. गुडघा वाकवला की वरचा सैल पडतो आणि भार सोलिअसवर जातो. मला वाकवूनच जास्त दुखलं.

व्यायाम दिला तो पायरीवरचा: चवड्यांवर उभं राहून दोन्ही पायांनी वर जायचं आणि दुखऱ्या एका पायावर सावकाश टाच खाली सोडायची. १५ वेळा, असे ३ संच गुडघा सरळ ठेवून, ३ वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये हीच पद्धत मांडली होती. कंटाळवाणा आहे, पण फुकट आहे, आणि मी एकही दिवस चुकवला नाही. (दुखणं टाचेमागची ती जाड शीर हाडाला चिकटते तिथेच असेल तर टाच पायरीच्या खाली सोडायची नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं.)

बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढला तेव्हा पेडल तळाशी असताना बोटं जमिनीकडे वळलेली दिसली. सीट उंच होती. आधीच्या खेळाच्या बुटांचा तळ जाड होता. नव्या बुटांचा पातळ, म्हणजे सीट न हलवताही पेडल पायापासून लांब गेलं. तळाशी गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला हवा, माझा जेमतेम २० होता. सीट ६ मिलिमीटर खाली घेतली. दुखणं निम्म्यावर आलं आणि तिथेच अडकलं.

उरलेलं निम्मं क्लीटमध्ये होतं. क्लीट जितकी बोटांकडे, तितकं घोट्यापासून पेडलच्या आसापर्यंतचं अंतर जास्त, आणि टाच खाली पडू नये म्हणून पोटरीला तितकं जास्त ओढून धरावं लागतं. फ्लॅट पेडलवर पाय आपोआप पुढे सरकवून ठेवायचो, म्हणून तेव्हा त्रास नव्हता. मोजून पाहिलं तर उजवी क्लीट डावीपेक्षा ५ मिलिमीटर पुढे बसवलेली! आणि मागे ढकलायला गेलो तर बुटाच्या तळातल्या, बोल्ट सरकतात त्या खाचेत जागा दिसत असूनही ती मध्येच अडायची. या खाचेने मला छळलं. रोज संध्याकाळी ॲलन की (बोल्ट फिरवायची षटकोनी किल्ली) घेऊन बसायचो. हे बूट मुळातच चुकीचे बनवलेत आणि कोणी घेऊ नयेत, असं मी तेव्हा चार जणांना सांगितलं.

ते मागे घेतो. पाचव्या महिन्यात बोल्टना ग्रीस लावायला क्लीट पूर्ण काढली, टाचणीने खाचेतला वाळलेला चिखल उकरला, आणि मागे आणखी दोन आटे, म्हणजे बोल्ट फिरवून बसवायची भोकं, दिसले. या बुटांच्या तळाच्या आत बोल्ट धरणारी पट्टी आहे, तिला एकूण चार आटे आहेत. पुढच्या जोडीत बोल्ट असले की पट्टीच आत टेकते, म्हणून क्लीट थांबायची. मागच्या जोडीत घातले आणि क्लीट हवी तिथे गेली. मला इतका आनंद झाला की रात्रीच बाहेर पडून चक्कर मारून आलो.

करणार असाल तर जुन्या क्लीटची कडा आधी मार्करने आखून ठेवा. बूट घालून अंगठ्यामागचा आणि करंगळीमागचा उंचवटा चाचपा, बुटावर खुणा करा. क्लीटचा मध्य त्या दोन खुणांच्या मधोमध किंवा किंचित मागे. एका वेळी ३ मिलिमीटरच सरकवा आणि दोन-तीन छोट्या फेऱ्या मारून पाहा. बोल्टच्या डोक्यातला चिखल काढल्याशिवाय की घालू नका. माझ्या डाव्या बोल्टचं डोकं त्यातच झिजलं. क्लीट मागे गेली की सीटही थोडी खाली लागते, मी आणखी ३ मिलिमीटर घेतली. फार खाली नेली तर गुडघ्याची वाटी दुखायला लागते, तेही भोगून झालंय.

आता गिअर हलका ठेवून मिनिटाला पेडलच्या ८० ते ९० फेऱ्यांनी चालवतो. गेल्या दोन महिन्यांत ६० किलोमीटरनंतरही पोटरी शांत आहे, सकाळचं लंगडणं गेलं. बुटांना पाचपैकी चार. मागच्या दोन आट्यांबद्दल सोबतच्या कागदावर एक ओळसुद्धा छापलेली नाही, म्हणून एक कापला. डावा झिजलेला बोल्ट अजून निघालेला नाही.