नगरपालिकेला कन्सल्टंट नेमताना: दोन कंपन्यांचा आमचा अनुभव

आमची क वर्ग नगरपालिका, म्हणजे पंचवीस ते चाळीस हजार वस्तीतली. मी मागच्या टर्मला पाणीपुरवठा सभापती होतो, त्यामुळे हे ऐकीव नाहीये, ठरावावर सही माझी पण आहे. आमच्याकडे इंजिनिअर एकच आणि रस्ते, गटारं, अतिक्रमण, इलेक्शन ड्युटी सगळं त्याच्याच गळ्यात, मग पाणी योजनेचा डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, करायला बाहेरचा माणूस घ्यावाच लागतो.

पहिली कंपनी मोठ्या शहरातली, नाव घेत नाही. प्रेझेंटेशन एक नंबर होतं, ड्रोनचा व्हिडिओ, थ्रीडीमधली टाकी, त्यावर उडणारे पक्षी पण दाखवले होते, सगळे नगरसेवक खूश. दर सगळ्यात कमी म्हणून काम त्यांनाच गेलं आणि फी ठरली योजनेच्या रकमेच्या टक्क्यात. पाइप जेवढा जाड तेवढी यांची फी जाड, हे तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यातून साठ टक्के पैसे डीपीआर हातात दिला की द्यायचे असं आम्हीच मान्य केलेलं, म्हणजे दोष आमचा पण आहेच.

डीपीआर आला, दोन जाडजूड खंड. रात्री चाळत बसलो तर मध्येच "सदर शहर खाडीकिनारी वसलेले असून". अहो आमच्याकडे खाडी काय, बारमाही ओढा पण नाही! कुठल्यातरी कोकणातल्या गावाचा मजकूर उचलून चिकटवलेला. ते एक वेळ हसण्यावारी नेलं असतं पण खरी गंमत लेव्हलमध्ये होती. गावाचा माळाकडचा भाग चढावर आहे आणि तिथली उंची यांनी गूगल अर्थवर बघून टाकली होती, त्यात काही मीटरचा फरक सहज पडतो. आणि तेव्हाच्या नियमाने साध्या एकमजली घराच्या नळाला सुद्धा सात मीटरचा दाब, म्हणजे पाणी सात मीटर उंच चढेल एवढा जोर, शिल्लक राहायला पाहिजे होता, मग दोन-चार मीटर इकडेतिकडे झाले की संपलं. आमचे व्हॉल्व्हमन मामा, तीस वर्षं पाणी सोडतायत, त्यांना नकाशा दाखवला तर म्हणाले, "साहेब, या टाकीचं पाणी माळावर चढत नसतंय, पैज लावा." मी कंपनीला फोन केला तर "सॉफ्टवेअरमध्ये रन झालंय सर".

पाणी योजना तपासणाऱ्या राज्याच्या जीवन प्राधिकरणाकडे तांत्रिक मान्यतेला फाइल गेली आणि शेरे मारून परत आली, पहिला शेरा लेव्हलचाच. त्यानंतर कंपनीचा फोन लागला तर कायम "सर साइटवर आहेत". कुठल्या साइटवर देव जाणे, आमच्या तर नक्कीच नाही. टेंडरला ज्या रिटायर्ड अधीक्षक अभियंत्यांचा बायोडाटा जोडला होता त्यांचं दर्शन शेवटपर्यंत झालं नाही. एक स्टार, तो पण ड्रोनच्या व्हिडिओला.

मग दुरुस्तीसाठी जिल्ह्याच्या गावची छोटी फर्म घेतली, ऑफिसात मोजून तीन माणसं. त्यांच्या इंजिनिअर ताई ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण), स्टाफ (आकड्यांची मोजपट्टी) आणि एक पोरगा घेऊन आल्या, आधी बेंचमार्क, म्हणजे उंची पक्की माहीत असलेली खूण, शोधला, मग गल्लीगल्लीत लेव्हल घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मामा पाणी सोडतात तेव्हा त्यांच्यासोबत फिरल्या. माळावरच्या एका नळाला प्रेशर गेज लावलं, काटा जागचा हलेना. मामा म्हणाले खाली मारुतीच्या देवळापाशी जुना व्हॉल्व्ह आहे, डांबराखाली गेलाय. खोदून बघितलं तर खरंच, अर्धा बंद अवस्थेत गंजलेला! तो मोकळा केल्यावर काटा थोडा हलला, पण पुरेसा नाही, म्हणून माळासाठी वेगळा झोन आणि वेगळी छोटी टाकी असं डिझाइन बदललं. मोठा पाइप गावभर टाकायची गरजच राहिली नाही, एस्टिमेट उलट खाली आलं.

यांच्यात खोट नाही असं नाही. महिनाभर उशीर केला, रिपोर्टात शुद्धलेखनाची बोंब, ड्रॉइंगच्या प्रिंटा मीटिंगच्या दिवशी सकाळी आल्या. तरी साडेचार स्टार.

तुमच्याकडे कोणी नेमणार असेल तर नुसत्या कमी दरावर जाऊ नका, तांत्रिक गुण आणि दर दोन्ही धरून निवड करता येते, क्यूसीबीएस म्हणतात त्याला. फी एकरकमी ठरवा, टक्क्यात नको, आणि बरीचशी रक्कम तांत्रिक मान्यता मिळेपर्यंत हातात ठेवा. बायोडाटातला माणूस किती वेळा गावात येणार ते वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या. आणि व्हॉल्व्हमनसोबत एक पहाट फिरायची अट घाला, हसू नका, आमचं सगळं तिथेच सापडलं.

ताईंच्या फर्मचा शेवटचा हप्ता मात्र अजून आमच्या लेखा विभागात पडून आहे, कुठल्यातरी मोजमापाच्या कागदाची ओरिजिनल पाहिजे म्हणे, झेरॉक्स चालत नाही. परवा त्यांचा फोन आला होता. आमची मुदत संपून प्रशासक आले, मी आता कोणीच नाही, "मुख्याधिकाऱ्यांना भेटून बघा" एवढंच सांगू शकलो.