विणलेली बाहुली: सपाट विणून शिवायची की गोल विणायची?

"मामी, दोन पॅटर्न निवडलेत, पण एकच विकत घ्यायचाय. कुठला घेऊ?" नणंदेच्या मुलीने गेल्या आठवड्यात विचारलं आणि उत्तर काही फोनवर आटपेना. तिची लेक चार वर्षांची आहे. इथे ग्वाल्हेरला फुलबागेत समाधीपाशी घोड्यावरची लक्ष्मीबाई पाहून आल्यापासून तिला राणीची बाहुली हवी आहे. थंडी पडली की आमच्या लष्कर भागात गच्चीवरच्या उन्हात लोकर निघतेच. हाच प्रश्न आणखी कुणाला पडला असेल, म्हणून सविस्तर लिहिते.

छापील पॅटर्नची मुख्य घराणी दोन. ब्रिटनच्या जीन ग्रीनहाऊ आणि ॲलन डार्ट यांच्या बाहुल्या दोन सुयांवर, सपाट तुकड्यांत विणल्या जातात. मग तुकडे शिवायचे आणि आत भरायचं. दुसरं घराणं गोल विणणाऱ्यांचं. नॉर्वेत काम करणारे आर्ने आणि कार्लोस किंवा अमेरिकेच्या सुसान बी. अँडरसन दोन्हीकडे टोक असलेल्या चार-पाच सुयांवर नळीसारखं अंग विणतात, मोजे विणतात तसं. त्यात शिवण जवळजवळ नसते.

चांगलं विणता येणाऱ्या बायका दुसऱ्या घराण्याकडे ओढल्या जातात, कारण शिवायचा कंटाळा. माझं मत उलटं आहे. बाहुलीत जीव येतो तो शिवताना. सपाट पद्धतीत बूट, सलवार, अंगरखा, चेहरा हे सगळं रंग बदलत एकाच तुकड्यात विणलेलं असतं. तो तुकडा हातात असताना काहीच वाटत नाही, नुसती पट्ट्यापट्ट्यांची पिशवी. मग मानेच्या ओळीतून दुहेरी धागा एकेका टाक्यातून ओवायचा, आत भरण घालायचं आणि धागा हळूहळू ओढायचा. ओढता ओढता मान आवळली जाते आणि वर डोकं उभं राहतं. त्या क्षणी मला दर वेळी आनंद होतो. मान किती आवळायची, हनुवटी किती पुढे काढायची, हे तेव्हा तुमच्या हातात असतं. गोल विणलेल्या डोक्याचा आकार मात्र बराचसा विणतानाच ठरून जातो.

शिवण दिसेल ही भीती असते. त्यासाठी दोन्ही तुकड्यांची सुलट बाजू वर ठेवा. कडेच्या टाक्याला लागून आत जी आडवी दोरी दिसते ती एकदा डावीकडची, एकदा उजवीकडची, अशी सुईने उचलत जा. पाच-सहा दोऱ्या सैल उचलून झाल्या की धागा ओढा, कडा आपोआप मिटतात. वरून टाके मारत जाल तर मात्र ती शिवण कायमची दिसत राहील.

गोल पद्धतीचे गुणही खरे आहेत. हातपाय गुळगुळीत होतात आणि शिवण उसवायचा प्रश्न नसतो. मोठा फायदा म्हणजे अंग उघडं विणलेलं असतं आणि कपडे वेगळे. ज्या मुलीला बाहुलीला नेसवायचं-सोडायचं आहे, तिच्यासाठी हाच पॅटर्न घ्या, दुसरा विचारच नको. पण हात बसला नसेल तर दोन सुयांच्या मधल्या जागी टाके सैल पडून उभी शिडी दिसते. रंगीत पट्टे घातले की प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला एक पायरी पडते. एखाद्याच जागी वेगळ्या रंगाचा चौकोन घालायचा, तर धागा फेरीच्या शेवटी भलत्याच टोकाला राहतो. म्हणजे ठिगळ, पदर, छातीवरचा पट्टा हे नंतर वरून भरावं लागतं.

क्रोशाची बाहुली सोपी, लवकर होणारी. पण कापड जाड आणि ताठ होतं, कपड्यांची चुणी पडत नाही. राणीसाठी मी ती घेणार नाही.

आता सुयांचे नंबर. इथे माझी स्वतःची तीन संध्याकाळची मेहनत गेली आहे. आपल्या दुकानांत जुने ब्रिटिश नंबर चालतात, नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकन पद्धतीत नंबर वाढला की सुई जाड. अमेरिकन ३ म्हणजे ३.२५ मिमी, आपली १० नंबरची सुई. मी अमेरिकन पॅटर्न वाचून बाड्यावरच्या बाजारात जाऊन ३ नंबरची सलाई मागितली (इथे सुया मागितल्या तर शिवायच्या मिळतात), आणि ती निघाली ६.५ मिमीची, बरोबर दुप्पट. पायातून भरण बाहेर डोकावायला लागलं. तेव्हा मिलिमीटरचा आकडा बघूनच सुई घ्या.

लोकरीचंही तसंच. ब्रिटिश पॅटर्नमधली 'डबल निटिंग' जाडीची लोकर कपड्यासाठी साधारण ४ मिमीच्या सुईवर १० सेंमीत २२ टाके देते. बाहुलीला तीच लोकर ३ मिमीवर घट्ट विणतात. आपल्याकडच्या गोळ्यावरचं 'फोर प्लाय' वाचून जाडी ठरवू नका, प्लाय म्हणजे किती धागे पिळले एवढंच. छोटा चौकोन विणून उन्हासमोर धरा. टाक्यांतून उजेड आरपार दिसला तर एक नंबर बारीक सुई घ्या. खेळायच्या बाहुलीला ॲक्रिलिक चांगलं, धुता येतं. भरायला पॉलिएस्टरचा फायबर घ्या. रजईतून उरलेला कापूस घातला तर पहिल्याच धुण्यात गोळे होतात. तीन वर्षांखालच्या बाळासाठी बटणं, मणी काही नको, डोळे लोकरीनेच भरायचे. ते आधी टाचण्या लावून बघा, डोक्याच्या मध्यावर किंवा किंचित खाली. मध्याच्या वर गेले की बाहुली मोठ्या माणसासारखी दिसते.

मेळ्यात विकायच्या असतील तर पॅटर्नवरची अट वाचा. काहीजण विकायला परवानगी देतात, काही देत नाहीत. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणचिन्हाचा, नियम लागू आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे.

नणंदेच्या मुलीला मी सपाट पॅटर्न घ्यायला सांगितलं. राणीचा तयार पॅटर्न नसला तरी चालेल, एखाद्या शेतकरणीचं किंवा सैनिकाचं अंग घ्यायचं आणि रंग आपले घालायचे. फेट्यासाठी चार टाक्यांची लांब दोरी विणून डोक्याभोवती गुंडाळत शिवायची, शेवटचं टोक तुऱ्यासारखं मोकळं सोडायचं. तलवारीत मात्र तार घालू नकोस म्हटलं. राखाडी लोकरीची घट्ट विणलेली पट्टी दुमडून शिव, नाहीतर लेक ती घेऊन झोपेल आणि तार डोळ्यात जाईल.