मट, अल्पाइन की एअर्क: टर्मिनलमध्ये मेल वाचायचा तर कुणाशी सूत जुळवावं?

हे तिन्ही टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत कीबोर्डवर चालणारे मेल प्रोग्रॅम. पहिल्या पडद्यावरच तिघांचा स्वभाव कळतो. अल्पाइन उघडलं की समोर मेनू येतो: नवा मेल लिहा, इनबॉक्स, फोल्डर, पत्त्यांची वही, सेटअप. तळाशी दोन ओळींत त्या पडद्यावर कुठलं बटण काय करतं ते लिहिलेलं. एअर्क पहिल्यांदा चालवलं की फॉर्म पुढे करतं; नाव, पत्ता, सर्व्हर, पासवर्ड भरा आणि चालू पडा. मट मात्र ‘अशी फाइल नाही’ एवढं सांगून गप्प बसतं. ते बिचारं तुमच्याच मशीनवर टपालपेटी शोधत असतं, १९९५ साली मायकेल एल्किन्स यांनी ते लिहिलं तेव्हा युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर असायची तशी. इंटरनेटवरचा मेल हवा असेल तर मटआरसी नावाची सेटिंगची फाइल लिहा, मग बोलू.

तिघांपैकी एक निवडण्याआधी तुमचं खातं यांना आत घेतं का ते बघा. जीमेलने ३० मे २०२२ पासून अशा प्रोग्रॅमना नेहमीच्या पासवर्डने लॉगिन करू देणं बंद केलं. आता टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो. तो मिळाला की तिन्ही चालतात. ऑफिसचा मेल मायक्रोसॉफ्टकडे असेल तर प्रकरण अवघड. तिथे ओऑथ लागतं, म्हणजे पासवर्डऐवजी ब्राउझरमधून लॉगिन करून मिळणारी तात्पुरती परवानगी, टोकन. अल्पाइनमध्ये त्याची सोय आतच आहे, मटला सोबत मिळणारी पायथन स्क्रिप्ट जोडावी लागते, एअर्कही टोकन घेऊ शकतं. पण आयटीवाल्यांनी बाहेरच्या ॲपना परवानगीच दिली नसेल तर तिघांपैकी कुणीही काही करू शकत नाही. हे आधी विचारून घ्या, नाहीतर शनिवार-रविवार फुकट जातो.

आता एकच काम तिघांकडून करून घेऊ. बँकेचे सहा महिन्यांहून जुने जाहिरातवजा मेल काढून टाकायचेत.

मटमध्ये मोठा डी दाबायचा आणि इंग्रजी छोट्या अक्षरांत एक ओळ लिहायची: ‘~एफ’ म्हणजे कुणाकडून, पुढे बँकेचं नाव, मग ‘~डी’ म्हणजे तारीख, पुढे ‘>६एम’, म्हणजे सहा महिन्यांपेक्षा जुने. एंटर. दोनशे मेलवर एका झटक्यात खूण होते. काढले जात नाहीत, फक्त खूण. डॉलरचं चिन्ह दाबेपर्यंत मन बदलायला वाव असतो. हीच चिन्हं शोधायला, गाळायला, रंग द्यायला, सगळीकडे चालतात. एकदा हात बसला की मटचं निम्मं शिकणं संपलं. एक मेख आहे. मेलच्या मजकुरात शोधायला ‘~बी’ वापरलंत तर सर्व्हरवरचा एकेक मेल खाली उतरवून बघितला जातो. चाळीस हजारांच्या पेटीत चहा पिऊन या. ‘~’ या टिल्डाऐवजी बरोबरचं चिन्ह टाकून ‘=बी’ लिहिलं तर शोधायचं काम सर्व्हर करतो आणि उत्तर लगेच येतं. मला हे कळायला दोन वर्षं लागली.

अल्पाइनमध्ये हेच काम पायरीपायरीने होतं. अर्धविराम दाबा, कशावरून निवडायचं ते खालच्या ओळीत विचारतं, पाठवणारा सांगा. पुन्हा अर्धविराम, ‘निवड आणखी बारीक करा’, तारीख सांगा. मग ए दाबून ‘या सगळ्यांवर लागू करा’, आणि डी. बटणं जास्त, पण पाठ करायचं शून्य. एअर्कमध्ये पाठवणारा आणि तारीख घालून फिल्टर लावा, सगळ्यांवर खूण करा, डिलीट म्हणा. इथे सांभाळून. लहान डी विचारून पुसतो, मोठा डी विचारत नाही, आणि मटसारखी मधली खुणेची पायरीही नाही. मटवरून आलेल्या माणसाची बोटं सवयीने मोठ्या डीवर जातात.

अल्पाइन इतकं समजावून का सांगतं, याचं कारण त्याच्या जन्मात आहे. त्याचा पूर्वज पाइन १९८९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झाला, तो तिथल्या प्रशासकीय कर्मचाऱ्यांसाठी. ज्यांना मॅन्युअल वाचायला वेळ नव्हता अशांसाठी. म्हणून आजही सेटअपच्या यादीत प्रत्येक पर्यायावर प्रश्नचिन्ह दाबलं की त्याची माहिती उघडते. यादी लांबलचक आहे, पण डब्ल्यू दाबून तिच्यात शब्द शोधता येतो. फाइल हाताने लिहायची वेळच येत नाही. मर्यादा हीच. अल्पाइन तुम्हाला त्याच्या घरातलं सामान हलवू देतं, भिंत पाडू देत नाही.

मटमध्ये भिंतीच तुम्ही बांधता. कुठल्या फोल्डरमध्ये कुठला क्रम, कुणाला उत्तर देताना कुठला पत्ता आणि कुठली सही, कुठल्या बटणावर कुठली चार कामं एकापाठोपाठ व्हावीत, सगळं हुक (अमुक वेळी तमुक कर) आणि मॅक्रो (एका बटणावर कामांची साखळी) यांनी लिहिता येतं. याचा मोह फार वाईट. मी सुरुवातीला कुणाची तरी तीनशे ओळींची मटआरसी जशीच्या तशी उचलली. दिसायला झकास होती. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की वाचलेले मेल इनबॉक्समधून गायब होतायत. त्या फाइलमध्ये एका बटणावर ‘अर्काइव्हमध्ये टाका’ असा मॅक्रो होता, आणि वर कुठेतरी ‘नवं फोल्डर करताना विचारू नको’ अशी ओळ. मटने निमूटपणे नवं फोल्डर करून सगळं त्यात भरलं होतं. मेल सापडले, पण ती फाइल मी त्याच रात्री उडवली आणि बारा ओळींपासून पुन्हा सुरुवात केली. आज ती साधारण नव्वद ओळींची आहे आणि त्यातली प्रत्येक ओळ का आहे ते मला सांगता येतं. (निओमट ही मटचीच २०१६ पासूनची वेगळी शाखा. बहुतेक मटआरसी तिच्यावर चालते. पॅकेजमध्ये जे मिळेल ते घ्या, यावर भांडत बसू नका.)

एअर्क या तिघांत वयाने लहान, पहिली आवृत्ती २०१९ ची. ड्रू डेव्हॉल्ट यांनी सुरू केलेलं, गो या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं. व्हिम या कीबोर्डवर चालणाऱ्या एडिटरची सवय असेल तर अर्ध्या तासात घरचं वाटतं. मेल टॅबमध्ये उघडतात, एक खातं सर्व्हरची वाट बघत असताना दुसऱ्यात काम चालू राहतं. मट अशा वेळी अडकून बसतं. सेटिंग तीन फाइलींत नीट वेगळी केलेली: खाती, बटणं, बाकीचं. मेलमधून आलेला पॅच (कोडमधला बदल) थेट गिटकडे (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) ढकलायचा असेल तर याच्याइतकं सोपं दुसरं नाही. व्हिम येत नसेल तर मात्र एअर्कच्या वाटेला जाऊ नका. एकाच वेळी दोन गोष्टी शिकाव्या लागतील.

एचटीएमएल मेलचं, म्हणजे वेब पानासारख्या सजवलेल्या मेलचं, थोडक्यात. अल्पाइन स्वतःच त्याचा साधा मजकूर करून दाखवतं. मटला मेलकॅप फाइलमध्ये (काय कशाने उघडायचं याची यादी) डब्ल्यूथ्रीएम या टर्मिनलमधल्या ब्राउझरची एक ओळ आणि मटआरसीत एक ओळ लागते. एअर्क तयार फिल्टर देतं, फक्त डब्ल्यूथ्रीएम टाकलेलं हवं. रंगीबेरंगी जाहिराती कुठेच दिसत नाहीत, हा फायदाच.

आणि मराठी? इथे तिघंही सारखेच अडखळतात, कारण मूळ दुखणं टर्मिनलचं आहे. टर्मिनल पडद्याची समान चौकोनी घरं पाडतं आणि एका घरात एक अक्षर बसवतं. ‘क्ष’ किंवा ‘र्थी’ला किती घरं द्यायची यावर टर्मिनलचं आणि प्रोग्रॅमचं एकमत होत नाही. आमच्या सोसायटीच्या चिटणिसांचे मेल मराठीत असतात. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचा कार्यवृत्तांत’ असा विषय आला की ओळीचा उजवा काठ सरकतो आणि खाली-वर करताना मागच्या ओळीतल्या मात्रा लटकून राहतात. कंट्रोल-एल दाबून पडदा पुन्हा रंगवून घ्यायचा. एमएलटर्मसारखं भारतीय लिप्या समजणारं टर्मिनल घेतलं तर त्रास बराच कमी होतो. एअर्कमध्ये एडिटर टर्मिनलच्या आतल्या टर्मिनलमध्ये चालतो, म्हणजे मोजणीचा घोळ दोनदा. लांब मराठी पत्रं लिहायची असतील तर मटला जीएडिटसारखा खिडकीवाला एडिटर जोडा, पण त्याला ‘वेट’चा पर्याय द्यायला विसरू नका. नाहीतर मटला वाटतं तुम्ही काही न लिहिताच बाहेर आलात, आणि मेल रद्द होतो.

आणखी एक, जे कुठल्याच मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. मराठी लिहून झाल्यावर कीबोर्ड इन्स्क्रिप्ट या मराठी मांडणीवरच राहिला, तर खाली-वर जायला ‘जे’ दाबल्यावर ‘र’ जातो आणि ‘के’ दाबल्यावर ‘क’. मट म्हणतं, या बटणाला काही काम दिलेलं नाही. पहिल्या वेळी मी कीबोर्ड बिघडला म्हणून केबल काढून पुन्हा लावली होती.

मी तुमच्या जागी असतो तर असं ठरवलं असतं. दिवसाला वीस-तीस मेल, त्यात बँक, नातेवाईक, वीजबिल: अल्पाइन, आणि तिथेच थांबा. शेकडो मेलच्या मेलिंग लिस्ट, जुन्या ढिगात सारखं उकरायचं काम: मट, महिनाभर चिडचिड होईल हे धरून. व्हिम आणि गिटमध्ये दिवस जातो: एअर्क. मी स्वतः मटवर आहे, पण भावाला अल्पाइन लावून दिलं आणि तो दोन वर्षांत एकदाही फोन करून काही विचारायला आलेला नाही.

मेल सर्व्हरवरच राहतो, तेव्हा तिन्ही एकाच खात्यावर शेजारी-शेजारी लावून बघायला हरकत नाही. फक्त पहिले आठ दिवस मट ‘-आर’ (मोठा आर) देऊन उघडा आणि अल्पाइन ‘-ओ’ (लहान ओ) देऊन. दोन्हीत पेटी नुसती वाचायला उघडते, बोट चुकलं तरी काही पुसलं जात नाही. एअर्कमध्ये त्या आठ दिवसांत बटणांच्या फाइलमधली मोठ्या डीच्या सगळ्या ओळी काढून ठेवा.