झिंक ७०२० वरील ठिणगी-शोधक: जिनिंगच्या एका हंगामानंतर

हिंगणघाट तालुक्यातील एका जिनिंगमध्ये नोव्हेंबरपासून एप्रिलअखेरपर्यंत झिंक ७०२० (Zynq) चिपचा बोर्ड मी कॅमेऱ्याच्या चित्रांतून ठिणगी ओळखण्यासाठी वापरला. या एकाच चिपमध्ये नेहमीचा प्रोसेसर आणि एफपीजीए, म्हणजे हवे ते सर्किट मांडता येणारा भाग, असे दोन्ही असतात. कापसासोबत दगड किंवा लोखंडाचा तुकडा ओढला गेला की कापूस हवेने वाहून नेणाऱ्या नळीत ठिणगी पडते, आणि ती गाठीत दाबली गेली तर आतल्या आत कित्येक दिवस धुमसते. म्हणून रेच्यांपर्यंत (सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांपर्यंत) पोहोचण्याआधीच झडप फिरवून तेवढा कापूस बाहेर टाकावा लागतो.

नळीत हवेचा वेग सेकंदाला २० मीटर आणि झडप कॅमेऱ्यापासून १० मीटरवर, त्यामुळे झडपेसाठी अर्धा सेकंद मिळतो. खरी अडचण ठिणगी दिसण्याची आहे. २० सेंटिमीटरच्या काचेसमोरून ती १० मिलिसेकंदांत निघून जाते, म्हणजे सेकंदाला २०० चित्रे घेऊनही ती जेमतेम दोन चित्रांत येते. सुरुवातीला हे काम चिपमधील एआरएम प्रोसेसरवर लिनक्समध्ये चालवले. सरासरी वेळ चांगला होता, पण मध्येच दुसरे काम आले की लागोपाठ दोन चित्रे सुटत. अशा कामात सरासरी निरुपयोगी आहे. जास्तीत जास्त किती वेळ लागेल, हेच विचारावे लागते.

म्हणून पिक्सेल थेट एफपीजीएच्या भागात घेतले, चित्राच्या दोन ओळी ब्लॉक रॅममध्ये (एफपीजीएच्या आतल्या छोट्या मेमरीत) साठवून ३×३ पिक्सेलची चौकट सरकवणारी पाइपलाइन, म्हणजे टप्प्याटप्प्याने सतत चालणारे सर्किट, लिहिली, आणि प्रोसेसरही वापरतो ती चिपबाहेरची सामायिक डीडीआर मेमरी या मार्गातून पूर्णपणे वगळली, कारण प्रोसेसरशी होणाऱ्या ओढाताणीने आणि मेमरीच्या रिफ्रेशने (साठवलेली माहिती टिकवण्यासाठी ती पुन्हा पुन्हा ताजी करण्याने) तेथील वेळ मागेपुढे होतो. आता शेवटच्या पिक्सेलनंतर ठरलेल्या क्लॉक सायकलमध्येच (चिपच्या घड्याळाच्या ठोक्यांत) निकाल येतो. सिम्युलेशनमधला आणि ऑसिलोस्कोपवरचा आकडा जुळला, तेव्हा मला मनापासून समाधान वाटले.

तरीही वेग म्हणजे सुरक्षितता नव्हे. या चिपमधील सर्किटची मांडणी एसरॅम या प्रकारच्या मेमरीत राहते, आणि त्यातला एक बिट उलटला तरी सर्किटच बदलू शकते. त्यामुळे मांडणीची सीआरसी तपासणी (बिट बदलला का ते बेरजेसारख्या आकड्याने पाहणे) सतत चालते, आणि पाइपलाइन चालू असल्याचा नियमित संकेत थांबताच स्वतंत्र वॉचडॉग (राखणदार) रिले झडपेचा पुरवठा तोडतो. पुरवठा तुटला की झडप स्प्रिंगने बाहेरच्या बाजूला वळते. वीज गेली तरी हेच घडते.

उन्हाचा अंदाज मात्र माझा चुकला. मी घेतलेल्या व्यापारी दर्जाच्या चिपची मर्यादा ८५ अंश, आणि एप्रिलमध्ये टिनाच्या शेडखाली, पंख्याच्या जाळीत रुईचे तंतू अडकल्यावर, चिपमधील तापमापक ८० च्या वर गेला. पंखा काढून बंद पेटी केली आणि चिपची उष्णता मागच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर उतरवली. विदर्भात वापरायचे असेल तर १०० अंशांपर्यंतचा औद्योगिक दर्जाच घ्यावा.

आमच्या रचनेला आयईसी ६१५०८ या इलेक्ट्रॉनिक सुरक्षा-यंत्रणांच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र नाही, म्हणून पाण्याची व्यवस्था आणि रात्रीचा पहारा पूर्वीसारखाच ठेवला आहे. प्रत्येक पाळीपूर्वी कामगार काच पुसतात आणि नळीतला एलईडी क्षणभर पेटवून झडप फिरते की नाही ते पाहतात.